वाडगाभर सेल

माझ्या धाकट्या दिरांना इमारतीतली पोरं हॅलोकाका म्हणतात. गेली चोवीस वर्षं ते एका गाण्याच्या पार्टीत माइक सांभाळतात. कार्यक्रमाआधी रिकाम्या सभागृहात उभं राहून 'हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन' म्हणायचं, हे त्यांचं काम. ते इतकं अंगात मुरलंय, की घरी आले तरी दार लोटून आधी 'हॅलो' म्हणतात आणि मग चपला काढतात. सासूबाई आतून ओरडतात, "येतंय ऐकू, ये आता आत!"

मी त्यांना भाऊजी म्हणते. मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते आणि जमिनीवर रेडिओ उघडून बसले होते. तो रेडिओ त्यांनी असा काही दुरुस्त केला की अजून वाजतोय, असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर तो त्यानंतर कधी लागलाच नाही. हात पुढे बसला.

अंगाने काटकुळे, चालणं आवाज न करता, आणि बोलणं असं की पलीकडच्या खुर्चीवरच्या माणसाला "काय?" म्हणावं लागतं. सगळा जन्म दुसऱ्यांचे आवाज मोठे करण्यात गेला, त्यात स्वतःचा राहूनच गेला. माझी धाकटी जाऊ म्हणते, "जेवायला बसताना यांच्यापुढे एक माइक ठेवा कुणीतरी. भाजी हवी की नको ते तरी कळेल."

आता सेलचं सांगते, कारण गोष्ट सेलची आहे.

बिनवायरच्या माइकला आपल्या घड्याळात घालतो तसले दोन पेन्सिल सेल लागतात. पार्टीत माइक बारा, म्हणजे सेल चोवीस. एक कार्यक्रम तीन तासांचा. सेल सात-आठ तास सहज चालतील, पण कुठलाही माइकवाला वापरलेल्या सेलवर विश्वास ठेवत नाही. प्रत्येक कार्यक्रमाला नवेकोरे चोवीस घालायचे आणि झाला कार्यक्रम की काढून टाकायचे. निम्म्याहून जास्त जीव शिल्लक असतानाच.

भाऊजींचं याबाबतीतलं सोवळं तर फारच कडक होतं. बावीस वर्षांपूर्वी, कामाला लागून दोनेक वर्षं झाली असतील, ऐन गाण्यात पार्टीच्या मुख्य गायिकेचा माइक गेला. दोन कडवी तिने तशीच म्हटली. कुणी भाऊजींना बोललं नाही, पण त्या दिवसापासून त्यांनी एकदा वापरलेला सेल पुन्हा माइकला लावला नाही. बावीस वर्षांत त्यांचा एकही माइक पुन्हा गेला नाही. ते स्वतः हे कधी बोलून दाखवत नसत, पण आम्हाला घरात सगळ्यांना ते पाठ होतं.

आणि अर्धे भरलेले सेल टाकवतही नसत. मग त्यांनी पहिल्या मजल्यावर जिन्याच्या खिडकीत एक जुना वाडगा ठेवला. दौऱ्यावरून आले की आधी कमरेची पिशवी त्या वाडग्यात उपडी करायची, मग घरात 'हॅलो'. ज्याला हवे त्याने न्यावेत. आमच्या इमारतीत चार मजले आणि सोळा घरं. गेल्या वीस वर्षांत इथे कुणी दुकानातून सेल आणलेला मला तरी माहीत नाही. सगळ्यांची घड्याळं गाण्याच्या पार्टीवर चालायची.

मी एकदा म्हटलं होतं, "भाऊजी, पण महिन्या-दोन महिन्यांनी हे कचऱ्यातच जातात ना? तुमच्या कचऱ्यातून निघून आमच्या कचऱ्यात, एवढंच."

"वहिनी, तेवढंच तर हातात आहे माझ्या," ते म्हणाले. आणि लांबच्या दौऱ्यात तेवढंही नसायचं. आठ-आठ कार्यक्रमांचे दोनशे सेल कोण वाहणार? शेवटच्या एक-दोन कार्यक्रमांचे घरी यायचे, बाकीचे तिथेच मागे राहायचे.

हे बदललं ते त्या गायिकेमुळे. पार्टीत सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणतात. एका गावी कार्यक्रम झाल्यावर बाई चष्मा विसरल्या. सकाळी तो आणायला सभागृहात परत गेल्या, तर दोन झाडूवाल्या बायका मागच्या दाराशी कचरा भरत होत्या. चौदा माणसांच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. बाईंचाच हसरा चेहरा छापलेला खोलीएवढा फ्लेक्स, तारखेसकट, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणाच्याच कामाचा नाही. आणि डबाभर सेल. त्या झाडूवाल्यांतली एक म्हणाली, "काल तुम्ही गायलात होय? छान झालं म्हणे. आम्ही तुमचं मागचंच बघतो."

चष्मा घेऊन बाई बसमध्ये आल्या, त्या दोन तास कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या तासाला बोलायला लागल्या आणि मग पार्टीचं काही खरं राहिलं नाही.

फ्लेक्स गेला, निळ्या कापडाचा पडदा आला. त्यावर पार्टीचं नाव शिवून घेतलं, तारीख नाही. मॅनेजर म्हणाले, "बाई, तारीख नको?" बाई म्हणाल्या, "तारीख माहीत असते म्हणूनच तर लोक आलेले असतात." बाटल्या गेल्या, नळाची स्टीलची टाकी आली आणि प्रत्येकाला आपापला पेला. स्पीकरची धुडं गावोगाव फिरवणारा टेम्पो बंद झाला. जिथे कार्यक्रम तिथलेच स्पीकर भाड्याने घ्यायचे, आणि सगळ्यांनी एका बसमध्ये मावायचं. ढोलवाला म्हणाला, "आता काय, आम्ही बसच्या मागे पळत यायचं का?" बाई म्हणाल्या, "ढोल वाजवत पळालास तर वेगळी जाहिरात नको."

शेवटी पाळी भाऊजींची आली. बाई म्हणाल्या, "तो डबाभर सेल तुझा ना रे?"

तेव्हा चार्ज करून पुन्हा पुन्हा वापरायचे चोवीस सेल आले आणि एका वेळी आठ सेल भरणारा एक चार्जर. मॅनेजरांना हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी अट घातली, "तीन कार्यक्रम बघू. त्यात एक जरी माइक बंद पडला, तर दुसऱ्या दिवशी मी साध्या सेलची वर्षाची खोकी मागवणार आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही." बाई भाऊजींकडे वळल्या. "तू सांग. जमेल?" आणि आमचे भाऊजी, ज्यांचं "हो" शेजारच्याला ऐकू येत नाही, ते म्हणे चांगलं मोठ्याने "हो" म्हणाले.

घरी आल्यावर मात्र तोंड उतरलेलं. एकेक सेल मीटरला लावून बघत होते. "वहिनी, हे पूर्ण भरले तरी मीटरवर एक काडी कमीच दाखवतात. जन्मतःच अशक्त आहेत."

"तुम्हीही तसेच होतात म्हणे," मी म्हटलं. "आईंना विचारा."

जोड्या चुकू नयेत म्हणून त्यांनी प्रत्येक सेलवर एक ते बारा असे आकडे घातले, दोन-दोन सेलना एकेक आकडा, लाल नेलपॉलिशने. एक नंबरचा जोड बाईंचा. जाऊ दारात उभी राहून बघत होती. "इतकी वर्षं संसार केला, माझ्या नखांकडे कधी बघितलं नाही. आणि सेलांना बघा, कशी नवरीसारखी सजवतायत!"

पहिले दोन कार्यक्रम बाहेरगावी एकाच दौऱ्यात झाले. लॉजवर भाऊजींनी चार्जरपुढे बसून पहारा दिला आणि दोन्ही कार्यक्रम स्वच्छ पार पडले. तिसरा बुधवारी दुपारी चार वाजता, आमच्याच गावच्या सभागृहात. सोमवारी सकाळी ते घरी आले तेव्हा चक्क शीळ घालत होते. नीट जेवले, आणि झोपले ते संध्याकाळपर्यंत.

मंगळवारी सकाळी मी कणीक मळत होते. भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात चार्जर, खांद्यावर कमरेची रिकामी पिशवी, चेहरा पांढरा.

"वहिनी," ते म्हणाले, "जिन्यावरच्या वाडग्यात काही आहे का, जरा बघता?"

मी वर भिंतीकडे बघितलं. माझं स्वयंपाकघरातलं घड्याळ, जे आठवडाभर दमल्यासारखं चाललं होतं, ते काल सासूबाईंनी वाडग्यातला सेल घातल्यापासून टुणटुणीत झालं होतं. कणकेचे हात पुसून मी ते खाली काढलं. मागे लाल नेलपॉलिशचा सात.

दोन कार्यक्रम सुखरूप पार पडल्याचा आनंद घेऊन हा माणूस जिना चढला होता आणि वीस वर्षांच्या सवयीने त्याने पिशवी वाडग्यात उपडी केली होती.

"मीच केलं ना?" त्यांनी विचारलं.

"दुसरं कोण करणार? चला, चपला घाला."

मी वाडगा घेतला आणि आम्ही दोघं निघालो. पहिल्या दारापासून चेष्टा सुरू. "काय हॅलोकाका, दिलेलं दान परत मागायला आलात?" "यावेळचे सेल काय झकास हो! आमचं घड्याळ दहा मिनिटं पुढे जायला लागलं." भाऊजी दारात उभे राहून पुटपुटायचे, समोरचा "काय?" म्हणायचा, मग मी सांगायची. तिसऱ्या दारानंतर मी त्यांना बोलूच दिलं नाही.

भिंतीवरची घड्याळं उतरत गेली. टीव्हीच्या रिमोटमधून दोन, टॉर्चमधून दोन, एका वजनकाट्यातून एक. आम्ही ज्या घरात ज्या मिनिटाला गेलो, त्या मिनिटाला तिथलं घड्याळ थांबलं. पहिल्या मजल्यावर दहा वाजून पाच, दुसऱ्यावर साडेदहा, असं करत वरपर्यंत. आम्ही कुठे केव्हा होतो ते दिवसभर भिंतीभिंतीवर लिहिलेलं राहिलं.

दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर अडून बसले. त्यांच्या ब्लडप्रेशरच्या यंत्रात चार सेल होते.

"हे औषधाचं काम आहे," ते म्हणाले. "तुमचं करमणुकीचं."

"मास्तर, उद्या एका दिवसाचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"आणि आज रात्री माझं प्रेशर वाढलं तर ते मला कळणार कसं?"

"कळलं नाही तर वाढणारही नाही," आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "द्या हो ते. दिवसातून अकरा वेळा मोजतात." शेवटी मास्तरांनी सेल दिले, पण प्रत्येक सेल वाडग्यात टाकताना माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी गृहपाठ केलेला नाही.

तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहतात. तोवर वाडग्यात बावीस झाले होते. उरला होता एक नंबरचा जोड, बाईंचा.

"अगंबाई," मावशींनी तोंडावर हात ठेवला. "ते मी नातीच्या बाहुलीत घातले. पोट दाबलं की गाते ती. आणि नात काल गेली तिच्या दुसऱ्या आजीकडे. आठ दिवस येणार नाही."

"बाहुली?" भाऊजींनी विचारलं.

"तिला घेतल्याशिवाय पोरगी कशी जाईल?"

भाऊजी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. मी म्हटलं, "म्हणजे गाण्याच्याच कामाला लागलेत ते, भाऊजी. फक्त पार्टी बदलली." ते हसले नाहीत.

माइक बारा आणि सेल अकरा माइकांचे. उद्याच्या कार्यक्रमात एक जरी माइक मुका राहिला, तरी मॅनेजर खोकी मागवायला मोकळे. मग बाईंना दिलेला शब्द गेला, बावीस वर्षांचं नाव गेलं, आणि तेही बाहुलीपायी.

घरी येऊन त्यांनी पहिले आठ सेल चार्जरला लावले. आठ-आठचे दोन घाणे आज आणि शेवटचा सहाचा उद्या सकाळी, एका घाण्याला चार तास. तेवढ्याला वेळ होता. मग ते न सांगता बाहेर गेले आणि अर्ध्या तासाने आले. शर्टाच्या खिशात कोपऱ्यावरच्या दुकानातलं चार सेलचं पाकीट. नवे, साधे, वापरून फेकायचे.

मी बघितलं, पण काही म्हटलं नाही. एक जोड त्यातला घातला तर कुणाला काय दिसणार होतं? माइकच्या पोटात कोण बघतं? मी चहा ठेवला आणि देवापुढे दोन मिनिटं उभी राहिले. मागितलं काही नाही. यांनी पाकीट फोडावं असं मागायचं, की फोडू नये असं मागायचं, हेच मला ठरवता येईना.

सासूबाईंना मात्र गप्प बसणं माहीत नाही. "खिशात काय रे ते?"

"सेल."

"चोरून आणल्यासारखा कशाला बसलायस?"

भाऊजी थोडा वेळ पाकीट उलटसुलट करत राहिले. मग फोन उचलला आणि बाईंना लावला. चोवीस वर्षांत त्यांनी स्वतःहून बाईंना फोन केल्याचं मी बघितलं नव्हतं. आवाज स्पीकरवर होता, कारण आम्ही दोघी जावा आणि सासूबाई अशा तिघी कान देऊन उभ्या होतो आणि त्यांच्यात आम्हाला हाकलण्याचं बळ नव्हतं.

"बाई, हॅलो."

"बोल रे. पण जरा मोठ्याने."

"सेल... दोन कमी पडतायत."

"कुठे गेले?"

"बाहुलीत."

"कशात म्हणालास?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. वाडगा, सवय, मास्तरांचं यंत्र, मावशींची नात. बाई हसायला लागल्या त्या ठसका लागेपर्यंत हसल्या. कुणीतरी त्यांना पाणी दिल्याचाही आवाज आला.

"नवे आणलेत दुकानातून," भाऊजी म्हणाले. "फोडले नाहीत अजून. तुम्ही म्हणाल तसं."

"माझ्या माइकला वायर लाव," बाई म्हणाल्या.

"वायर?"

"वायरच्या माइकला सेल लागतो का?"

"नाही. पण बाई, आता वायरचा माइक कोण वापरतं? मॅनेजर म्हणतील..."

"अरे, मी तीन तास एका जागी उभी असते. माझे गुडघे असे आहेत, की वायर काढली तरी मी कुठे जाणार आहे?"

भाऊजींनी फोन तोंडाजवळ नेला. मग इतक्या हळू बोलले की मीसुद्धा पुढे वाकले. "बाई, तुमचा माइक पूर्वी एकदा गेला होता. त्या दिवशी आदल्या कार्यक्रमाचेच सेल होते. मीच ठेवले होते. तेव्हा सांगितलं नाही."

"त्या दिवशी?" बाईंचा आवाज एकदम उजळला. "अरे, त्या दिवसाची गोष्ट मी अजून लोकांना सांगते! दोन कडवी बिनमाइकची गायले. सगळं सभागृह खोकायचं थांबलं. कुणीतरी उठून पंखे बंद केले. माझा स्वतःचा आवाज मला तेवढाच एकदा ऐकू आलाय बघ. तू काय बावीस वर्षं तेच धरून बसलास?"

फोन ठेवून भाऊजी मोरीत गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. बाहेर आले ते थेट दुसऱ्या मजल्यावर गेले आणि न फोडलेलं पाकीट हेडमास्तरांच्या हातात ठेवून आले. त्या संध्याकाळी मास्तरांचं प्रेशर एकदम नॉर्मल असल्याचं सगळ्या जिन्याला कळलं.

मग पलंगाखालची पेटी निघाली. तळाशी एक जुना वायरचा माइक होता, जाळी चेपलेली, टोकाला तुटलेली तार. भाऊजी खिडकीत बसून तारेला सोल्डरचा डाग देऊ लागले. जाऊ म्हणाली, "टॉर्च धरू का?" आणि मग आठवलं, की टॉर्चमधलेही सेल आपण काढून आणलेत.

बुधवारी दुपारी सगळी इमारत सभागृहात. भाऊजींनी पास दिले होते, पण मला वाटतं पास नसते तरी हे लोक तिकीट काढून आले असते. आपले सेल बघायला. मागच्या रांगेत कुजबुज चाललेली. "आमचा पाच नंबर कुठाय?" "तो गिटारवाला बघ, त्याच्यात." हेडमास्तर माझ्या शेजारी होते. ते वाकून म्हणाले, "त्या ढोलवाल्याच्या माइकमध्ये आणि त्या पलीकडच्या मुलीच्या माइकमध्ये माझ्या ब्लडप्रेशरचे सेल आहेत." आणि ढोल सुरू झाल्यावर समाधानाने मान हलवली, जसं काही तो त्यांच्यामुळेच वाजत होता.

बाई मधोमध उभ्या, त्यांच्या माइकची काळी वायर रंगमंचावरून कडेच्या विंगेत गेलेली. तिथे भाऊजी आपल्या टेबलाशी. आवाज इतका छान लागला की मी पहिली तीन गाणी माइक मोजायचं विसरून गेले. मग मोजले. अकराच्या अकरा चालू. देवाला म्हटलं, असंच राहू दे.

शेवटून दुसरं गाणं चाललं असताना मी भाऊजींना उभं राहिलेलं बघितलं. ते बासरीवाल्याच्या माइककडे बघत होते. त्यावरचा छोटा दिवा लाल लुकलुकत होता. सेल संपत आल्याची ती खूण. तो सात नंबर होता, माझ्या घड्याळातला. दुपारी निघताना चार्जरवरचे दोन दिवे हिरवे झाले नव्हते, म्हणून तो जोड त्यांनी बासरीला दिला होता. बासरी कमी गाण्यांत असते. पण शेवटच्या गाण्याची सुरुवातच बासरीची.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांत भाऊजी विंगेतून चालत बाहेर आले. चोवीस वर्षांत प्रेक्षकांनी पहिल्यांदा बघितलेले. त्यांनी बासरीवाल्याचा माइक स्वतःच्या हाताने बंद केला, बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. बाई बाजूला सरकल्या, बासरीवाल्याला हाताने बोलावलं आणि आपल्या माइकपुढे उभं केलं. एका वायरच्या माइकवर आधी बासरी, मग बाई, मग दोघं. तो एकदा पुढे वाकायचा, बाई एकदा मागे व्हायच्या. मागच्या रांगेतून मावशी म्हणाल्या, "अय्या, किती गोड दिसतायत!" आणि सभागृहात कुणी खोकलं नाही. मी कान देऊन होते.

कार्यक्रमानंतर आम्ही रंगमंचामागे गेलो, तर मॅनेजर आधीच तिथे. "बंद पडला ना? मी बघितलं. उद्या खोकी मागवतो."

"पडला नाही," भाऊजी म्हणाले. "मी बंद केला."

"तेच ते!"

"तेच नाही." आवाज एवढा स्पष्ट, की जाऊने माझा हात धरला.

आणि मग जाऊनेच तोंड उघडलं. "चूक माझी आहे. सकाळी यांच्या शर्टाला इस्त्री करायची म्हणून मी चार्जरचा प्लग काढला. परत लावला, पण बटण दाबायचं राहिलं. तासाभराने दिसलं. यांना सांगितलं नाही, म्हटलं उगाच घाबरतील."

भाऊजींनी आपल्या शर्टाकडे बघितलं. फार कडक इस्त्री होती.

"झालं?" बाई खुर्चीवर बसत म्हणाल्या. "सेलचा दोष नाही, माणसाचाही नाही, इस्त्रीचा आहे. आता मला सांगा, कार्यक्रमात जे जागचे हलत नाहीत त्यांनी हात वर करा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ढोलवाल्याने हात वर केला. बासरीवाल्याने केला. मग आणखी पाच जणांनी, आणि आठवा बाईंचा.

"मग यांना बिनवायरचे माइक कशाला?" बाई म्हणाल्या. "वायरचे माइक प्रत्येक सभागृहात धूळ खात पडलेत. स्पीकरबरोबर तेही तिथेच घ्या. चालणारे-फिरणारे चौघंच. चार माइक, आठ सेल. आणा तुमची खोकी, मॅनेजर. ठेवणार कुठे ते सांगा."

मॅनेजर म्हणाले, "आणि वायरी अडकून कुणी पडलं तर?"

"तर निदान काहीतरी नवीन बघायला मिळेल लोकांना," ढोलवाला म्हणाला.

याला आता दीड वर्ष झालं. खोकी आली नाहीत. भाऊजी सगळ्यांच्या आधी सभागृहात पोचतात, वायरी चिकटपट्टीने जमिनीला बसवतात, मग 'हॅलो, हॅलो'. एकदा निवेदक अडखळला खरा, पण तो वायर नसतानाही अडखळायचा.

त्या वेळी आठ दिवसांनी मावशींची नात परत आली. भाऊजी एक नंबरचा जोड मागायला खाली गेले आणि हात हलवत परत आले. बाहुलीचं गाणं बंद झाल्यावर पोरगी अशी रडली म्हणे, की त्यांनीच सेल परत घातले. तेव्हा बाईंचा जोड बाहुलीतच आहे. तो दमला की तीच नात तो वाडग्यात आणून टाकते आणि भरून मिळेपर्यंत जिन्यात बसून राहते.

उरलेले चौदा सेल भाऊजींनी इमारतीला वाटले. घराला एक, नंबरासकट. बाहुलीचं घर आधीच सुटलेलं, आणि हेडमास्तरांना चार हवे होते म्हणून त्यांनी एक घेतलाच नाही, त्यांचा वाद अजून चालू आहे. कुणाचं घड्याळ मंदावलं की सेल वाडग्यात टाकायचा. दौऱ्यावरून आले की भाऊजी कमरेची पिशवी घट्ट धरून जिना चढतात, वाडगा तेवढा उचलतात आणि घरात येऊन चार्जर लावतात. आमच्या घरी आता इस्त्री दुसऱ्या खोलीत होते.

काल माझं घड्याळ सात मिनिटं मागे पडलं. मी खुर्चीवर चढून सेल काढत होते, तेवढ्यात दार लोटल्याचा आवाज आला.

"हॅलो," भाऊजी म्हणाले.

"येतंय ऐकू," सासूबाई म्हणाल्या.

मी सात नंबर त्यांच्या हातातल्या वाडग्यात टाकला. चहा झाला तेव्हा नक्की किती वाजले होते, ते मला सांगता येणार नाही.